‘मारत नाही हो, हात उचलतो कधीतरी’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महिला मंडळाने ठरवलं, की आपल्या भागात नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलींची एक छोटीशी पाहणी करायची. डोंबिवली पूर्व, ठाकुर्ली आणि कल्याण पूर्वेचा थोडा भाग आम्ही आपसात वाटून घेतला. रविवारची दुपार त्यासाठी बरी, कारण बाकीचे दिवस या मुली लोकलमध्ये तरी असतात, नाहीतर ऑफिसात. दोन पानी फॉर्म तयार केला. रक्त कमी आहे का, नोकरी करता का, पगार कुणाच्या हातात असतो, असे सगळे प्रश्न. आणि शेवटून दुसरा प्रश्न : घरात मारहाण होते का? हो किंवा नाही.

महिनाभराने सगळ्या जमलो. चहा झाला, फॉर्म मोजले. माझ्या गठ्ठ्यात ‘हो’वर खूण असलेला एकही कागद नव्हता. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, चला, आपल्या आयांच्या वेळचे दिवस गेले. शिकलेल्या मुली आहेत, कमावत्या आहेत, यांना कोण हात लावणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ठाण्याहून परत येत होते. संध्याकाळची धीमी लोकल, लेडीज डबा. कळव्याला एका मुलीने हाक मारली, ‘काकू, ओळखलंत का? तुम्ही आमच्याकडे फॉर्म भरायला आला होतात.’ मला चेहरा आठवला. थोडं सरकून तिला चौथी सीट दिली. मुंब्रा गेलं, दिवा गेलं. मग ती हळूच म्हणाली, ‘त्यात ते मारहाणीचं विचारलंत ना, मी नाही म्हटलं. सासूबाई आत पोळ्या करत होत्या. सगळं ऐकू जातं तिथून.’

मी गप्प. ती पुढे म्हणाली, ‘आणि खरं सांगू का काकू, मारत नाही हो तो. हात उचलतो कधीतरी. राग आला की. नंतर सॉरीपण म्हणतो.’

कोपर गेलं आणि डोंबिवलीच्या गर्दीत आम्ही दोघी ढकलल्या गेलो. घरी येऊन मी तो गठ्ठा पुन्हा काढला. किती ‘नाही’ खरे आणि किती पोळ्यांच्या आवाजातले, हे आता कळायला मार्गच नव्हता. चूक त्या मुलींची नव्हती. आम्हाला विचारताच आलं नव्हतं.

प्रश्न कसा विचारतात?

मग मी शोधायला लागले, की हे काम जाणकार माणसं कसं करतात. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. ते करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या शेजारीच, मुंबईत देवनारला आहे. पहिलं सर्वेक्षण १९९२-९३ साली झालं. बायकांवरच्या मारहाणीचे प्रश्न त्यात थोडक्यात आले ते १९९८-९९च्या दुसऱ्या फेरीत, आणि सविस्तर आले २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत. पुढे २०१५-१६ आणि २०१९-२१ मध्येही ते विचारले गेले.

त्यांची पद्धत वाचली आणि आमच्या फॉर्मची मला लाज वाटली. तिथे ‘मारहाण होते का’ असा प्रश्नच नसतो. एकेक कृती विचारतात. नवऱ्याने कधी थोबाडीत मारली का? हात पिरगळला का, केस ओढले का? ढकललं का, अंगावर काही फेकून मारलं का? गुद्दा मारला का? लाथ मारली का, फरफटत नेलं का? गळा दाबला का, चटका दिला का? चाकूचा किंवा दुसऱ्या कशाचा धाक दाखवला का? प्रत्येकाला वेगळं ‘हो’ किंवा ‘नाही’. आणि ‘हो’ आलं, तर मागच्या बारा महिन्यांत किती वेळा, हेही.

असं का? कारण ‘मारहाण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दारू पिऊन पट्ट्याने झोडपणारा नवरा येतो. आपला तसा नाही, म्हणून उत्तर ‘नाही’. आपल्या मराठीत तर या गोष्टीला किती पांघरुणं आहेत पाहा. हात उचलला, एक ठेवून दिली, कानाखाली काढली, हात सुटला. ‘हात सुटला’ म्हणजे जणू हातच आपणहून सुटला, माणसाचा काही दोष नाही! पण ‘थोबाडीत मारली का’ असं सरळ विचारलं, की त्याच बाईला ‘हो’ म्हणावं लागतं. देशभरात बायकांनी सर्वांत जास्त सांगितलेली कृतीही तीच. २०१९-२१च्या फेरीत दर चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याने थोबाडीत मारल्याचं सांगितलं.

दुसरा नियम एकांताचा. हे प्रश्न घरातल्या फक्त एकाच बाईला विचारतात, म्हणजे सासूला काय विचारलं ते सुनेला आणि सुनेला काय विचारलं ते जावेला कळत नाही. विचारणारीही बाईच असते आणि तिला त्याचं वेगळं प्रशिक्षण दिलेलं असतं. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री झाल्याशिवाय हा भाग सुरूच करायचा नाही. मध्येच कुणी आलं तर विषय बदलायचा. एकांत मिळालाच नाही, तर ते प्रश्न सोडून द्यायचे. दामटून विचारायचे नाहीत. कुणी मोठं माणूस ऐकायला आलं म्हणून मुलाखत थांबवावी लागली का, याचीसुद्धा शेवटी नोंद होते.

यामागे बाईच्या जिवाचा विचार आहे. आपण प्रश्न विचारून निघून जातो, ती त्याच घरात राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अशा पाहण्यांसाठी नियम सांगितले, त्यात पहिला मान बाईच्या सुरक्षिततेला दिला आहे, माहिती त्याच्यानंतर. आम्ही मात्र सासूच्या कानावर पडेल अशा आवाजात विचारून, वर सरबत पिऊन आलो होतो.

न बोलता सांगायची सोय

काही गोष्टी तर दार लावूनही तोंडातून निघत नाहीत. त्यासाठी अभ्यासकांनी युक्त्या शोधल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत मिळून सुमारे २४ हजार स्त्रियांशी बोलून एक मोठा अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी कुणी वाईट स्पर्श केला होता का, हे त्यात आधी तोंडी विचारलं. मग शेवटी एक कार्ड दिलं. त्यावर दोन चेहरे, एक हसरा, एक रडका. आपल्या उत्तराप्रमाणे एकावर खूण करायची आणि कार्ड बंद करून द्यायचं. विचारणारीलाही कळत नाही कुठे खूण केली. बहुतेक ठिकाणी तोंडी सांगणाऱ्यांपेक्षा खूण करणाऱ्या जास्त निघाल्या.

आपल्याकडेही असं झालं आहे. २००६-०७ साली महाराष्ट्रासह सहा राज्यांत ५० हजारांहून अधिक तरुण-तरुणींची पाहणी झाली. लग्नाआधीच्या संबंधांबद्दल तोंडी विचारल्यावर शेवटी एक चिठ्ठी आणि पाकीट दिलं. तोंडाने जे कबूल झालं नव्हतं, ते पाकिटातून बाहेर आलं. म्हणजे मुली खोटं बोलतात असं नाही. त्या आधी धोका मोजतात, मग बोलतात.

आकडे कसे वाचायचे?

आता आकड्यांकडे येऊ. २०१९-२१च्या फेरीत देशभरात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याआधीच्या फेरीत ते प्रमाण ३१ टक्के होतं. महाराष्ट्रात मात्र ते २१वरून २५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे चौघींत एक. महाराष्ट्रातलं हे काम २०१९मध्ये, करोना येण्याच्या आधी झालं होतं. टाळेबंदीत दोन खोल्यांच्या घरांत काय झालं, ते या आकड्यात नाही.

शेजारच्या कर्नाटकात हाच आकडा २१वरून एकदम ४४ टक्क्यांवर गेला. चार-पाच वर्षांत तिथले नवरे दुप्पट वाईट झाले का? की बायका जास्त मोकळेपणी बोलल्या? की विचारणाऱ्यांनी अधिक नीट विचारलं? नुसत्या आकड्यावरून हे सांगता येत नाही. म्हणून एखाद्या राज्याचा किंवा गावाचा आकडा कमी दिसला की लगेच पाठ थोपटून घ्यायची नाही. कमी मारहाण आणि कमी बोलणं, दोन्हींचा आकडा कागदावर सारखाच दिसतो.

ठाणे जिल्ह्याचा आकडा मी शोधला. या सर्वेक्षणात जिल्ह्यांची माहितीपत्रकं निघतात. लसीकरण, रक्तक्षय, शौचालय, सगळं त्यात असतं. पण मारहाणीचा आकडा नसतो. हे प्रश्न थोड्याच घरांत विचारले जातात आणि त्यातून निष्कर्ष फक्त राज्यापुरता निघतो. म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत किती घरांत काय चालतं, याचं उत्तर या सर्वेक्षणात मिळत नाही.

आणि ‘आमच्याकडे शिकलेली माणसं राहतात’ या समजुतीचं काय? अजिबात शाळेत न गेलेल्या स्त्रियांमध्ये शारीरिक हिंसेचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे आणि बारावी वा त्यापुढे शिकलेल्यांमध्ये १८ टक्के. शिक्षणाचा फायदा होतो, यात शंका नाही. पण १८ टक्के म्हणजे पाचांत जवळजवळ एक. आपल्या लेडीज स्पेशलच्या एका बाकावर चार जणी बसतात. हिशोब करून पाहा.

सगळ्यात बोचतो तो पुढचा आकडा. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आईला नाही, बहिणीला नाही, मैत्रिणीला नाही. कितीजणींनी ही गोष्ट पहिल्यांदा उच्चारली असेल ती एका अनोळखी, फॉर्म भरणाऱ्या बाईसमोर. ज्या थोड्या बोलल्या, त्यांतल्या बहुतेक माहेरी बोलल्या. पोलिसांपर्यंत पोचल्या त्या फारच थोड्या.

‘माझंच चुकलं असेल’

त्या का बोलत नाहीत, याचं एक उत्तर त्याच सर्वेक्षणात आहे. सात कारणं वाचून दाखवतात आणि विचारतात, की यासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलट बोलली, जवळ येऊ दिलं नाही, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. देशात ४५ टक्के स्त्रिया यांतल्या एका तरी कारणासाठी ‘योग्य आहे’ म्हणाल्या. महाराष्ट्रात ४४ टक्के. पुरुषांचं देशातलं प्रमाणही ४४च. म्हणजे या बाबतीत आपण बायका पुरुषांच्या मागे नाही! जी मुलगी मनात ‘माझंच चुकलं’ म्हणते, तिला त्या थोबाडीत मारण्यात हिंसा दिसणारच नाही, मग ती सांगेल कशी?

तरुण मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ‘कधी ना कधी’ असा प्रश्न विचारला, की त्यांचं प्रमाण कमी दिसतं, कारण लग्नाला वर्षंच थोडी झालेली असतात. पण २००५-०६च्या फेरीत असंही दिसलं होतं, की ज्यांच्या वाट्याला हिंसा आली, त्यांतल्या बहुतेकींच्या घरी ती लग्नाच्या पहिल्या दोन वर्षांतच सुरू झाली. म्हणजे ज्या काळात आपण म्हणतो, ‘नवीन आहे, रुळेल हळूहळू’, नेमका तोच काळ.

आणि पहिली खूण मारण्याची नसतेच. सर्वेक्षणात मारहाणीच्या आधी काही वेगळे प्रश्न येतात. तू दुसऱ्या पुरुषाशी बोललीस तर त्याला राग येतो का? मैत्रिणींना भेटू देत नाही का? माहेरच्यांशी संबंध कमी ठेवायला लावतो का? तू कुठे आहेस ते सतत कळलं पाहिजे असा हट्ट धरतो का? आजच्या मुलींना हेच मोबाइलमधून भेटतं. लोकेशन चालू ठेव, पासवर्ड दे, व्हिडिओ कॉल करून दाखव कुणाबरोबर आहेस. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली हे कौतुकाने सांगतात, ‘काकू, फार पझेसिव्ह आहे तो!’ आपल्यालाही ते प्रेमच वाटतं. मैत्रिणी एकेक करून सुटतात आणि मग सांगायलाच कुणी उरत नाही, तेव्हा लक्षात येतं.

लग्न न झालेल्यांचं काय?

या सर्वेक्षणातलं एक मोठं भगदाड मला फार उशिरा दिसलं. जोडीदाराच्या हिंसेचे ते सविस्तर प्रश्न विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांना नवऱ्याबद्दल विचारले जातात. लग्न न झालेल्या मुलीला ‘कुणी मारलं का’ एवढं विचारतात, पण मित्राबद्दल, एकत्र राहणाऱ्या जोडीदाराबद्दल अशी कृतीवार यादी नाही.

आपल्या जवळचीच गोष्ट आठवा. वसईतल्या एका तरुणीने नोव्हेंबर २०२०मध्ये पोलिसांत लेखी तक्रार दिली होती, की बरोबर राहणारा मित्र मारतो, जिवाची धमकी देतो. पुढे तिनेच आमचा वाद मिटला आहे असं लिहून दिलं. २०२२ साली दिल्लीत तिची हत्या झाल्याचं उघड झालं आणि सगळा देश हादरला. तिने सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, आणि मग परत घेतलं होतं. परत घेणं हा या सांगण्याचाच एक भाग असतो. बाई एकदा बोलते, घाबरते, पुन्हा गप्प होते. तेव्हा ‘मिटलं ना, बरं झालं’ म्हणून कागद बंद करायचा नसतो, पुन्हा जाऊन एकटीला भेटायचं असतं.

कायदा मात्र इथे सर्वेक्षणाच्या पुढे आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. लग्नासारख्या संबंधात एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही तो संरक्षण देतो. मारण्याबरोबर लैंगिक छळ, शिवीगाळ, मानसिक त्रास आणि पैशाची कोंडी हीसुद्धा त्यात हिंसाच आहे. राहतं घर सोडायला न लावण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. नवऱ्याच्या क्रूरतेचं जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आलं आहे. २०२२ या एका वर्षात त्या कलमाखाली देशात सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले. आकडा मोठा वाटतो, पण २९ टक्क्यांपुढे तो समुद्रातल्या घागरीएवढाही नाही.

आपण काय करू शकतो?

विचारायला शिकू शकतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणणाऱ्या बाईला बाजूला घेऊन हलकेच विचारायचं, हे तिथे डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवलं गेलं. टाटा समाजविज्ञान संस्थेने तर १९८४ सालीच मुंबई पोलिसांकडे स्त्रियांसाठी विशेष समुपदेशन कक्ष सुरू केला होता.

आपल्या लेकीला, सुनेला, भाचीला आपणही विचारू शकतो. फोनवर ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं तर ‘हो’ हेच उत्तर येणार. शेजारी तो बसलेला असेल, स्पीकर चालू असेल. एकटीला भेटा. भाजी निवडताना, स्टेशनपर्यंत चालताना विचारा. ‘राग आला की काय करतो गं तो?’ असा साधा प्रश्न पुरतो. ती बोलली तर ‘थोडं सोसावं लागतं’ म्हणू नका, आणि ‘आत्ताच्या आत्ता सोड त्याला’ असंही म्हणू नका. ‘तुझी चूक नाही आणि तू कधीही घरी येऊ शकतेस’ एवढं म्हणा. तिच्या आधार कार्डाच्या, बँकेच्या पासबुकाच्या प्रती आपल्याकडे ठेवा. लागलं असेल तर डॉक्टरांना खरं कारण सांगून कागद करून घ्या.

हे क्रमांक पाठ असू द्या. महिलांसाठी १८१, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, विधी सेवा प्राधिकरणासाठी १५१००. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिने दोन महिन्यांनी फोन केला. माहेरी गेली, समुपदेशनाला दोघं गेले, मग परत आली. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पण आता ती लोकलमध्ये भेटली की स्वतःहून सांगते, आणि मी फॉर्म न काढता ऐकते.

शेवटी एक विनंती, खास घरातल्या मोठ्या बायकांना. उद्या एखादी सर्वेक्षणाची बाई तुमच्या दारात आली आणि म्हणाली, ‘मला तुमच्या सुनेशी एकटीशी बोलायचंय’, तर रागावू नका. चौकशा करू नका. नातवाला कडेवर घ्या आणि खाली एक चक्कर मारून या. तुमच्या या अर्ध्या तासाने एखादीचं खरं उत्तर कागदावर येईल. आणि परत आल्यावर ‘काय विचारलं गं तिने?’ असं मात्र विचारू नका.